आमची कोठेही शाखा नाही

महाराष्ट्रातील कोणत्याही जुन्या पेठेतून सावकाश फेरफटका मारणाऱ्या माणसाच्या नजरेस, मिठाईच्या दुकानाच्या काचेवर, फरसाणाच्या पुडक्यावर किंवा एखाद्या चष्मेवाल्याच्या पावतीच्या तळाशी, ‘आमची कोठेही शाखा नाही’ हे चार शब्द पडल्याशिवाय राहत नाहीत. पुष्कळांना ह्या पाटीत दुकानदाराचा तुसडेपणा दिसतो, आणि तिच्यावर विनोद करण्याची आपल्याकडे जुनी प्रथाही आहे. परंतु ज्याचा धंदा उत्तम चालला आहे असा गृहस्थ, आपला पसारा एवढाच आहे ही गोष्ट स्वखर्चाने रंगवून का सांगतो, ह्याचा विचार मी जसजसा करीत गेलो तसतशी ती पाटी मला एखाद्या फिर्यादीसारखी वाटू लागली. कोणीतरी, कोठेतरी, त्याच्या नावाने दुकान थाटले आहे. ते नाव उतरवावयास त्या माणसाला कसे लावावे हे ह्याला ठाऊक नाही, किंवा ठाऊक असूनही कोर्टकचेरीची पायरी चढण्याची तयारी नाही. आणि म्हणून जी गोष्ट दिवाणी न्यायालयाने सांगावयास हवी, ती तो आपल्या गिऱ्हाइकाला स्वतःच सांगून मोकळा झाला आहे.

ही फिर्याद मी प्रथम जवळून पाहिली ती माझ्या थोरल्या बहिणीच्या घरी. अक्काचा उद्योग अगदी घरगुती: मेतकूट, थालिपिठाची भाजणी आणि गोडा मसाला. यजमानांची गिरणीतली नोकरी सुटल्यावर, चाळीसएक वर्षांपूर्वी, तिने तो सुरू केला आणि पुडक्यांवर आपल्या सासूबाईंचे माहेरचे नाव घातले, कारण मसाल्याचे प्रमाण त्यांचे होते. एके दिवशी, मी तिच्याकडे उतरलो असताना, तिच्या कित्येक वर्षांच्या गिऱ्हाईक असलेल्या एक बाई अर्धे संपलेले पुडके घेऊन दारात आल्या आणि मोठ्या संकोचाने म्हणाल्या, “वहिनी, यंदा दगडफूल जुनं होतं का हो? आमटीला वासच येत नाही.” अक्काने पुडके खिडकीपाशी नेले, चिमूटभर मसाला तळहातावर घेऊन अंगठ्याने चोळला, वास घेतला आणि मग पुडके उलटे करून पाहिले. तेच नाव, तोच पिवळा कागद, नावाभोवती तशीच लंबगोल वेलबुट्टी. पत्ता मात्र एसटी स्थानकासमोरच्या कुठल्याशा गाळ्याचा. ती एक अक्षर बोलली नाही. आतून स्वतःचे पुडके आणून तिने त्या बाईंच्या हाती ठेवले आणि पैसे घेण्यास नकार दिला. दुसऱ्याने दळलेल्या मसाल्याबद्दल आपल्या बहिणीने आपल्या उंबरठ्यावर उभे राहून क्षमा मागावी, हे दृश्य मला आजही विसरता आलेले नाही.

वकिलांकडे जाताना तिने आपली सारी कागदपत्रे एका पिशवीत भरून नेली होती: गुमास्ता परवाना, अन्नपदार्थांचा परवाना, लघुउद्योगाची नोंद, बँकेचे पासबुक. ह्यांपैकी प्रत्येकावर ते नाव ठळक अक्षरांत होते आणि सरकारचा शिक्का होता, तेव्हा नाव सरकारदरबारी आपलेच लागले आहे, अशी तिची प्रामाणिक समजूत होती. आपल्याकडील शेकडा नव्वद दुकानदारांची हीच समजूत असावी असे मला वाटते, आणि सर्व अनर्थाचे मूळ तिच्यातच आहे. गुमास्ता परवान्याने दुकान चालवण्याची मुभा मिळते. अन्नपरवान्याने पदार्थ विकण्याची मिळते. कंपनी स्थापन केली तर त्या कंपनीस कायद्याच्या दृष्टीने देह मिळतो. पण नाव कोणाचे ह्या प्रश्नाचे उत्तर ह्यांपैकी एकही कागद देत नाही. त्याच नावाने दुसऱ्या पेठेत दुसऱ्या इसमास तसाच गुमास्ता परवाना बिनदिक्कत मिळू शकतो, आणि अक्काच्या बाबतीत तो मिळालाच होता. वकीलसाहेबांनी पिशवी बाजूला सारली आणि एकच प्रश्न विचारला: “ताई, ह्या नावाची तुमची वहिवाट केव्हापासूनची, आणि ती कशावरून?”

‘वहिवाट’ हा शब्द आपल्याला शेताच्या बांधावरून माहीत आहे. कुळ कोण, कसतो कोण, पाणी कोणत्या वाटेने जात आले आहे, ह्या प्रश्नांवर आपल्या समाजाने पिढ्यान् पिढ्या रक्त आटवले आहे, आणि सात-बाराच्या उताऱ्यावर एका गुंठ्याची नोंद चुकली तर तलाठ्याच्या चावडीवर दहा खेपा घालण्यास आपला माणूस मागेपुढे पाहत नाही. तोच माणूस, ज्या नावावर त्याच्या तीन पिढ्या पोसल्या गेल्या त्या नावाचा फेरफार कोणत्या दप्तरात होतो, ह्याची साधी चौकशीही करीत नाही. नाव ही मिळकत आहे, आणि तीही अशी की जिचे मोल मालकाच्या प्रत्येक प्रामाणिक दिवसागणिक वाढते. ती मिळकत उघड्यावर टाकून देण्याची आपली जी रीत पडली आहे, तिच्याविरुद्ध मला हा लेख लिहावयाचा आहे.

कायदा ह्या बाबतीत लहान माणसाच्या विरुद्ध आहे, अशी जी सार्वत्रिक भावना आहे ती मात्र खरी नाही. १९९९ चा व्यापारचिन्ह कायदा, जो २००३ च्या सप्टेंबरपासून अमलात आला, नोंदणी न केलेल्या नावासही वाऱ्यावर सोडत नाही. आपला माल दुसऱ्याच्या नावावर खपवू पाहणाऱ्याविरुद्ध दाद मागण्याचा जो जुना हक्क, तो त्याच्या २७ व्या कलमाने शाबूत ठेवला आहे. ह्या हक्काची सर्वांत सुंदर कहाणी तिरुनेलवेलीची आहे. तेथील नेल्लैअप्पर मंदिरासमोर १९०० च्या सुमारास एक हलव्याचे दुकान निघाले. त्याला पाटी नव्हती, आणि संध्याकाळी एका मिणमिणत्या दिव्याच्या उजेडात हलवा विकला जाई, म्हणून लोकच त्याला ‘इरुट्टुकडै’, म्हणजे अंधारे दुकान, म्हणू लागले. मालकाने न ठेवलेले, गिऱ्हाइकांनी प्रेमाने दिलेले हे नाव पुढे इतके नामांकित झाले की दुसऱ्या एका व्यापाऱ्याने त्याच्यामागे गावाचे नाव जोडून हलवा विकण्यास आरंभ केला आणि स्वतःच्या नावे नोंदणीही करून घेतली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. नोंदणी दोघांचीही असली तरी ज्याची वहिवाट आधीची त्याचा हक्क वरचढ, असा निवाडा २०१५ साली त्या न्यायालयाने दिला. ज्या दुकानाला विजेच्या झगझगाटाची गरज वाटली नाही त्याचे नाव देशाच्या सर्वोच्च न्यायासनाने राखले, ही गोष्ट प्रत्येक हलवायाने आपल्या मुलांना सांगावी अशी आहे.

अहमदाबादच्या ‘मुक्तजीवन’ ह्या छायाचित्रकाराच्या दुकानाची हकीकतही अशीच बोधप्रद आहे. त्याचे नाव दुसरा स्टुडिओ उचलू पाहत आहे असे दिसताच मालकाने मनाई हुकूम मागितला. खालच्या न्यायालयाने तो नाकारला, आणि त्याचे एक कारण असे दिले की दोन दुकानांत चार-पाच किलोमीटरचे अंतर आहे. उच्च न्यायालयानेही हस्तक्षेप केला नाही. डिसेंबर २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय फिरवला. गिऱ्हाईक हे मैलाच्या दगडांकडे पाहून चालत नाही, ते नावाकडे पाहून चालते. आणि एकाच शहरात, एकाच धंद्यात, एकच नाव दोघांनी लावले तर एकाची पुण्याई दुसऱ्याच्या गल्ल्यात जाणार हे सांगण्यास फार मोठ्या विद्वत्तेची आवश्यकता नाही, तरी ते सांगण्यासाठी त्या गृहस्थांना दिल्लीपर्यंत जावे लागले.

नाव हुबेहूब तेच असावे लागते असेही नाही. अर्धे अक्षर बदलले की आपण सुटलो, असे मानणारे लोक आपल्या बाजारात थोडे नाहीत. मागे ‘न्यू’ किंवा ‘श्री’ जोडणे, ‘ओरिजिनल’ हा शब्द बारीक अक्षरांत घालणे, ही त्यांची ठरलेली हत्यारे. न्यायालयांनी ह्यावर साठ वर्षांपूर्वीच उपाय सांगून ठेवला आहे. ‘अमृतधारा’ आणि ‘लक्ष्मणधारा’ ह्या दोन औषधांच्या वादात, १९६२ साली, सर्वोच्च न्यायालयाने जी कसोटी लावली ती अशी की दोन नावे शेजारी शेजारी मांडून भिंगातून पाहावयाची नाहीत, तर सामान्य बुद्धीच्या आणि अपुऱ्या स्मरणाच्या गिऱ्हाइकाची दोन्ही नावे ऐकून काय अवस्था होईल ते पाहावयाचे. (त्या प्रकरणात दुसऱ्याचा धंदाही दीर्घकाळ उघडपणे चालला असल्यामुळे त्याला उत्तर प्रदेशापुरती नोंदणी मिळाली, फार उशिरा जागे होणाऱ्याची किंमत किती असते ती इथे दिसते.) मद्रासच्या तपकिरीच्या खटल्यात १९६९ साली ‘अंबाळ’ आणि ‘आंडाळ’ ही दोन नावे समोर होती. एक देवीचे, दुसरे तमिळ संतकवयित्रीचे. अर्थाने कोसो दूर, पण उच्चाराने इतकी जवळ की न्यायालयाने दुसऱ्या नावाची नोंदणी होऊ दिली नाही. आणि आपल्या विलेपार्ल्याच्या ग्लुको बिस्किटांच्या वेष्टनाची नक्कल म्हैसूरच्या एका कारखान्याने केली तेव्हा, एकावर पाण्याची बादली घेतलेली मुलगी आणि दुसऱ्यावर गवताचा भारा घेतलेली मुलगी, एवढा फरक असूनही, १९७२ साली न्यायालयाने एकूण रंगरूप पाहून निकाल पार्ले कंपनीच्या बाजूने दिला. अक्काच्या पिवळ्या कागदाची आणि लंबगोल वेलबुट्टीची गोष्ट मी वर मुद्दाम लिहिली ती ह्यासाठी.

मोठ्यांशी गाठ पडली तर काय, असे विचारणाऱ्यांनी पुण्यातील लष्कर भागाकडे पाहावे. तेथील ‘बर्गर किंग’ हे उपाहारगृह १९९२ पासून चालते. त्याच नावाच्या अमेरिकन कंपनीने २०११ साली पुण्याच्या जिल्हा न्यायालयात दावा लावला, आणि तिचे भारतातील पहिले उपाहारगृह उघडले ते २०१४ साली. २०२४ साली जिल्हा न्यायालयाने कंपनीचा दावा फेटाळला. डिसेंबरात मुंबई उच्च न्यायालयाने अपिलाचा निकाल लागेपर्यंत पुणेकर उपाहारगृहास ते नाव वापरण्यास मनाई केली, आणि मार्च २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या मनाईला स्थगिती दिली. एका गावच्या खाद्यगृहाला एका जगड्व्याळ कंपनीसमोर चौदा वर्षे उभे राहता आले ते कशाच्या बळावर, तर वहिवाटीच्या. पण चौदा वर्षे हा आकडा मी वाचकांच्या मनात राहू देऊ इच्छितो, कारण ज्याच्यापाशी तेवढी ऐपत आणि तेवढी चिकाटी नाही त्याचा विचार आपल्याला करावयाचा आहे.

अशा माणसासाठी नोंदणीइतके स्वस्त शस्त्र दुसरे नाही. नोंदणी नसेल तर दाव्यात तीन गोष्टी शाबीत कराव्या लागतात: की आपल्या नावाला लौकिक आहे, की समोरच्याने लोकांची दिशाभूल केली, आणि की त्यामुळे आपले नुकसान झाले वा होणार आहे, आणि ह्यांतील प्रत्येकीसाठी दप्तर उपसावे लागते. नोंदणी असेल तर दाखला हाच प्रथमदर्शनी पुरावा. दुसरा लाभ फार कोणाला माहीत नसतो: नोंदलेल्या नावाचा भंग झाला तर कायद्याचे १३४ वे कलम मालकाला स्वतः राहतो किंवा धंदा करतो तेथील जिल्हा न्यायालयात दावा लावण्याची मुभा देते, नोंदणी नसलेल्याला मात्र, सामान्यतः, प्रतिवादी जेथे असेल किंवा आगळीक जेथे घडली असेल तेथे जावे लागते. सांगलीच्या लोणचेवाल्याने नागपूरच्या नकलेसाठी नागपूरला तारखा करणे आणि सांगलीतच बसून दाद मागणे, ह्यांत जो फरक आहे तो समजावून सांगण्याची गरज नाही. ह्या सर्वाचा खर्च, व्यक्तीने किंवा लघुउद्योगाने संगणकावरून अर्ज केल्यास, मालाच्या एका वर्गास साडेचार हजार रुपये सरकारी शुल्क. माल आणि सेवा मिळून वर्ग पंचेचाळीस. मसाला तिसाव्यात, लोणचे एकोणतिसाव्यात, खानावळ त्रेचाळिसाव्यात. मुंबईतील नोंदणी कार्यालय अँटॉप हिलला आहे आणि महाराष्ट्राबरोबरच गोवा, मध्य प्रदेश व छत्तीसगड त्याच्याच कक्षेत येतात. एकदा दाखला मिळाला की तो दहा वर्षे चालतो आणि मुदत संपण्यापूर्वी पुन्हा दहा वर्षांसाठी वाढवता येतो.

परंतु येथेच एक मोठा खड्डा आहे. तुमचे नाव दुसऱ्याने नोंदणीस टाकले तर कार्यालय ते आपल्या साप्ताहिक पत्रिकेत प्रसिद्ध करते आणि तेव्हापासून चार महिन्यांच्या आत हरकत घ्यावी लागते. चाळीसगावचा किंवा सावंतवाडीचा भाजणीवाला ती पत्रिका कोठून वाचणार? त्याची हरकतीची मुदत त्याच्या नकळत निघून जाते, पुढे नोंदलेले नाव उघड्या डोळ्यांनी पाच वर्षे खपवून घेतले तर कायद्याचे ३३ वे कलम आड येते, आणि मग जुना मालकच उपरा ठरण्याची पाळी येते.

मराठी माणसाची आणखी एक खास अडचण आहे. देवनागरीतले आपले नाव रोमन लिपीत शिरले की त्याची हाडे मोडतात. ‘काळे’ आणि ‘काले’ तेथे एकच होतात, ‘ळ’ हा वर्ण तर जणू अस्तित्वातच नाही, आणि एकाच नावाची तीन तीन वर्णलेखने प्रचारात येतात. परिणामी, मालक एका वर्णलेखनाने शोध घेऊन निश्चिंत होतो आणि नकलाकार दुसऱ्या वर्णलेखनाने घरपोच जेवण पोहोचवणाऱ्या ॲपवर त्याचेच नाव लावून बसतो. म्हणून नाव देवनागरीत लिहिलेल्या मूळ स्वरूपातही नोंदवावे, असा माझा आग्रह आहे.

सर्वांत अवघड प्रश्न मात्र आडनावाचा, आणि त्यावर थोडे थांबले पाहिजे. मराठी दुकानदारी ही आडनावांवर उभी आहे. सचोटीने स्वतःचे नाव लावून धंदा करण्यास कायद्याच्या ३५ व्या कलमाची हरकत नाही, आणि ती असूही नये. जोश्याने जोशी म्हणवून घ्यावयाचे नाही तर काय म्हणवून घ्यावे? पण सचोटी हाच त्यातला प्राण आहे. ज्या आळीत त्या आडनावाच्या दुकानाचा लौकिक आहे त्याच आळीत, त्याच जिन्नसासाठी, तशाच रंगाची पाटी लावून जो आपल्या जन्मसिद्ध आडनावाचा हवाला देतो, त्याच्या हक्काची भाषा मला कधीच पटलेली नाही. आणि ह्याहून दुःखाची भांडणे सख्ख्या भावांची असतात. वाटणीपत्रात कढया, परात, तराजू, गाळ्याची पागडी, उधारीच्या वह्या, सर्व काही बारकाईने लिहिलेले असते. नाव कोणाकडे राहिले हे लिहावयाचे राहून जाते, कारण वडील हयात असताना त्याचा उच्चार करणे अभद्र वाटते. वडील गेल्यानंतर दोन्ही भाऊ त्यांचाच फोटो पाटीवर लावतात आणि दोघेही खरे असतात. नावाचा हक्क लेखी करून देता येतो, विकता येतो, काही अटींवर दुसऱ्यास वापरावयासही देता येतो. तेव्हा ज्या दिवशी गाळ्याचा दस्त होतो त्याच दिवशी नावाचाही व्हावा, हे वडीलधाऱ्यांनीच पुढाकार घेऊन करावयाचे काम आहे.

सर्वांचे जे आहे ते सर्वांचेच राहिले पाहिजे, हेही येथे नमूद केले पाहिजे. ‘गोडा मसाला’ ह्या शब्दांवर कोणाची मालकी चालणार नाही. ‘रामायण’ हे नाव उदबत्तीच्या पुड्यावर एकट्याच्या मक्त्याचे होऊ शकत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१५ सालीच सांगितले आहे. नवे दुकान काढणाऱ्यांनी गावाचे, देवाचे किंवा पदार्थाचे नाव सहज सुचले म्हणून ठेवू नये. असे नाव जितके सोपे तितके राखण्यास कठीण.

माझी मागणी दोनच गोष्टींची आहे. बहुतेक प्रत्येक जिल्ह्यात जिल्हा उद्योग केंद्र आहे; तेथे नावाच्या नोंदणीचा अर्ज मराठीत समजावून भरून देणारा एक जाणकार माणूस बसवावा. आणि नोंदणीसाठी आलेल्या नावांपैकी त्या त्या जिल्ह्याशी संबंध असलेल्यांची यादी स्थानिक मराठी वृत्तपत्रांतून प्रसिद्ध व्हावी, म्हणजे हरकतीचे चार महिने खऱ्या अर्थाने चार महिने ठरतील. व्यापारी मंडळांना वार्षिक स्नेहसंमेलनाच्या खर्चातून एवढी यादी आपल्या कार्यालयाच्या फळ्यावर लावणे अवघड नाही, आणि जे हिशेबनीस दुकानदाराचे कर भरून देतात त्यांनी पहिल्याच भेटीत नावाची विचारपूस करावी.

अक्काच्या प्रकरणाचा शेवट त्या मानाने लवकर झाला. वकीलसाहेबांच्या प्रश्नाचे उत्तर माळ्यावरच्या पत्र्याच्या ट्रंकेत निघाले: छापखान्याची लेबलांची पावती, तराजू तपासल्याचा वजनमापे खात्याचा दाखला, आणि गावच्या वाचनालयाने काढलेल्या एका दिवाळी अंकातली तिची पाव पानाची जाहिरात, जिचे तीस रुपये देताना तिला फार वाटले होते. त्या तीन कागदांच्या प्रती जोडून नोटीस गेली आणि समोरच्याने तीन महिन्यांत नाव बदलण्याचे तडजोडनाम्यावर लिहून दिले. नोंदणीचा अर्ज त्यानंतर झाला. दाखला आला तेव्हा तिने तो घराच्या खरेदीखताबरोबर कापडात गुंडाळून ठेवला, मुदत संपण्याची तारीख सुनेकडून कालनिर्णयाच्या पाठीमागे मोठ्या अक्षरांत लिहून घेतली, आणि पुढच्या वर्षीचे कालनिर्णय आले की पहिल्या दिवशी ती तारीख त्यावर उतरवून घ्यावयाची, असे तिला बजावून ठेवले.